तुमच्या येळचा तमाशा

उचगावात आमच्या घरी केबल नवीन आली, तेव्हा शेजारची म्हातारी रोज संध्याकाळी टीव्हीवरचे नाच बघायला यायची. तरुणपणी ती तमाशात नाचायची. बघताना चेहरा दगडासारखा असायचा, पायाची बोटं तेवढी ताल धरायची.

एकदा वडील म्हणाले, "ह्यात काय राम हाय, मावशी? तुमच्या येळचा तमाशा म्हंजे तमाशा."

पडद्यावरची नजर न काढता ती म्हणाली, "व्हय की. ओली बाळंतीण हुतो, तरी मला नाचाय उभं केलं. पोर तंबूत रडत हुतं, पब्लिक शिट्ट्या मारत हुतं. खेळ संपवून गेलो, तर पोर गार पडलं हुतं."

वडील टीव्ही बंद करायला उठले.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "पोरगी बरी नाचतीया. दमली तर हिला बसाय तरी मिळंल."