पोलीसगाडीला गिऱ्हाईक

आमच्या ह्यांनी सरकारी लिलावातून ती जुनी पोलीसगाडी ओढून आणली, तेव्हा तिच्या टपावर गवत उगवलं होतं, खोटं नाही सांगत. परभणीत आमचं घर आणि गॅरेज एकाच अंगणात. ह्यांनी पत्रा ठोकून सरळ केला, इंजिन खोललं, जोडलं, परत खोललं, निळा रंग मारला आणि मागच्या जाळ्यासुद्धा होत्या तशा बसवल्या. काम देखणं झालं होतं, ते मी नाकारत नाही. पण त्या गाडीपायी माझा धाकटा भाऊ घरी यायचा बंद झाला.

तो पेडगावला, माझ्या माहेरी राहायचा. विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्चातून त्याला अशाच एका गाडीत कोंबून नेलं होतं. सुटून आला तो पार गप्प होऊन. रंगवलेली गाडी बघितली आणि अंगणातूनच मला म्हणाला, "आक्का, हे धूड तुज्या दारात हाय तवर मी उंबरा चढणार न्हाई."

हे म्हणाले, "अरे, लोखंडाचा काय गुन्हा?"

"लोखंडाचा न्हाई, दाजी. पर माजा बी नव्हता."

चहा न घेताच गेला. त्यानंतर बाजाराला यायचा, पण आमच्या गल्लीत वळायचा नाही. मी ह्यांच्या मागं लागले, विकून टाका म्हणून. हे हसायचे, "घेणार कोण? चोर?"

आणि घेणारे आले की हो! जुन्या मोटारी जमवणारे पुण्याचे काका-पुतणे. काकांनी गाडीभोवती फेऱ्या मारल्या, खाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "दिसायला छान आहे. पण खेड्याच्या रस्त्यावर पळवून दाखवा." ह्यांनी नेमका पेडगावचा रस्ता धरला. का, ते त्यांनाच माहीत. मी पण हट्टानं निघाले. काका ह्यांच्या शेजारी पुढं, पुतण्या नि मी मागं बाकावर. ह्यांनी बाहेरून कडी घातली.

दिवस उन्हाळ्याचे. रस्त्यात पत्ते खेळणारे आमची गाडी बघून चपला टाकून पळाले, तेव्हा मी पोट धरून हसले. पण पेडगावात, अगदी आमच्या वस्तीच्या तोंडाशी, रेडिएटर उकळला आणि गाडी थांबली, तसं हसू गेलं. हापशावर बाया होत्या. घागरी तिथंच सोडून सगळ्या घरात शिरल्या. धडाधड दारं लागली. निळी गाडी त्या वस्तीत पूर्वी कशाला यायची, ते मला का ठाऊक नव्हतं?

हे आणि काका पुढं बॉनेट उघडून वाफेत उभे. मागची कडी आतून निघत नव्हती. मी जाळीला तोंड लावून ओरडले, "अगं, मी हाय! मी!"

एक दार किलकिलं झालं. माझी भावजय. तिनं मला जाळीमागं बघितलं आणि ऊर बडवतच धावली, "वन्सं! तुमाला कशापायी धरलं वो? आन् दाजी कुठं हायत?"

"दाजीनंच कोंडलंय मला!" मी म्हणलं. पुतण्याला हसू आवरेना. ती बिचारी कडीला झटे घ्यायला लागली. कडी काही हलेना.

तेवढ्यात भाऊ आला. त्यानं तिला बाजूला केलं, दार खांद्यानं आत दाबलं आणि कडी वर उचलली. एका झटक्यात. मला हात धरून उतरवलं. गाडीकडं बघितलंच नाही.

"इकायलाव का खरंच?"

"खरंच. पुण्याला चाललीय. पर आता तापली नं, काय म्हणत्यात कुणास ठाऊक."

काकांचा चेहरा पडलाच होता. "एवढ्यात गरम होते म्हणजे कठीण आहे," असं ते ह्यांना म्हणत होते. भाऊ हापशावर गेला, टाकलेल्यांतली एक घागर भरली, खांद्यावर आणली आणि इंजिन जरा निवल्यावर स्वतः धार धरून पाणी ओतलं. मग काकांना म्हणाला, "सायेब, ह्या उन्हात मानूस तापायलाय, गाडीचं काय घिऊन बसलाव! लय मजबूत असती ही जात. आमाला दाटीवाटीनं कोंबलं व्हतं अशीत, बसायलाबी जागा नव्हती. तरी घाट चढली, कुटं थांबली न्हाई."

"तुम्हाला? कशाबद्दल?"

"नामांतराबद्दल."

काकांनी बॉनेट खाली ओढून लावलं. मग म्हणाले, "झालं का नामांतर?"

"न्हाई अजून. व्हईल."

ह्यांनी हँडल मारलं, गाडी सुरू झाली. परत येताना मला पुढं बसवलं. अंगणात उतरल्याबरोबर काकांनी ह्यांचा हात हातात घेतला, सौदा पक्का. चार दिवसांनी गाडी पुण्याला गेली. ह्यांनी गल्लीच्या टोकापर्यंत पोचवली, परत येऊन तोंड धुतलं आणि मला वाटतं, थोडे रडलेही. मला मात्र छातीवरचा दगड उतरल्यागत झालं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी भाऊ आला. दारात थांबून "जय भीम, दाजी" म्हणाला आणि सरळ आत. भाकरी, वांग्याची भाजी, वर ठेचा, पोटभर जेवला. मग बाज बाहेर ओढली आणि अंगणात सावलीला आडवा झाला. दुपारभर घोरत होता. त्या दिवशी मी गॅरेजात कुणाला हातोडा उचलू दिला नाही.