कारंटीनमधलं पिंप

प्लेगच्या साली ठाण्यात घरात कुणी तापलं, की सरकारी माणसं त्याला इस्पितळात नेत आणि बाकीच्यांना गावाबाहेर माडाच्या झापांच्या झोपड्यांत ठेवत. लोक त्याला कारंटीन म्हणत. आईबाप इस्पितळात गेले, की मागे राहिलेल्या पोरांना तिथे कुत्रं विचारत नसे. म्हणून गावातल्या वकील-मास्तरांनी त्या मुलांसाठी एक सभा काढली. आमचे हेही त्यात होते.

कलेक्टरसाहेबांकडे अर्जावर अर्ज गेले. पोरांना दूध नाही, पांघरूण नाही, हे तर होतंच. पण यांचा सगळा जोर तिथल्या सरकारी पाण्याच्या पिंपावर! काय, तर अठरापगड जातीची पोरं एकाच पिंपात हात घालतात, सरकार मुलांचा धर्म बुडवतं. मी म्हटलं, "अहो, आधी दुधाचं बघा की!" पण बायकांचं ऐकतो कोण?

शेवटी साहेब कंटाळले. म्हणाले, जागा आणि धान्य आमचं, पोरं तुम्ही सांभाळा. झालं! सभेने पेढे वाटले. पिंप गेलं आणि आमच्या माजघरातले दोन तांब्याचे हंडे तिथे जाऊन बसले. सोवळ्यात पाणी भरायला एक भटजी ठेवला. इतर जातींच्या पोरांना त्यानेच वरून ओतायचं, असं ठरलं.

पिंप नेल्याच्या दुसऱ्याच दिवशीची, ऐन चैत्रातली दुपार होती. दूध घेऊन मी गेले, तर भटजी जेवायला घरी गेलेला. पोरं झोपलेली. हंड्यांपासून हातभर लांब एक पोर तेवढी बसली होती. कोलशेतकडच्या मिठागरावरची, पाच-सहा वर्षांची. आठवड्यापूर्वीच तिच्या आईला इस्पितळात नेलं होतं. पोरीचे ओठ फुटून रक्त आलं होतं. हात लावला, तर अंग नुसतं भाजत होतं. चटकन तिने अंग चोरलं.

"अगं, हंडे काठोकाठ भरलेत. प्यायली का नाहीस?"

"तुमचा पाणी बाटंल ना, काकी."

"मग त्या पिंपातलं..." मी बोलून गेले.

"त्यो तं तुमीच नेलाव," पोर म्हणाली.

अगं बाई गं! सरकारच्या हाती होती तोवर पोर पाणी पीत होती, आणि आम्ही कनवाळू लोक आलो तशी तहानेने मरायला टेकली! मी तसाच तांब्या बुडवला आणि तिच्या तोंडाला लावला. भटजी परतला तो बोंबलतच, हंडे विटाळले म्हणून. म्हटलं, "विटाळू देत! न्या उचलून!"

घरी येऊन यांना तोंडाला येईल ते बोलले. जन्मात तशी बोलले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळीच हे कचेरीत गेले आणि ज्याच्याविरुद्ध अर्ज केले होते, तेच पिंप साहेबांपुढे हात जोडून परत मागून आणलं.

पोरीचा ताप प्लेगचा नव्हता, उन्हातहानेचा निघाला आणि उतरला. पण ती त्या पिंपालाही हात लावेना. तहान लागली की माझ्याकडे बघत उभी राही, आणि मी मान हलवल्याशिवाय ओंजळ पुढे करत नसे.