खोटा बकरा, खरा गळा

“थायरॉइड कार्टिलेज फ्रॅक्चर,” मॅडम म्हणाल्या आणि सीटी स्कॅनची फिल्म खिडकीच्या उजेडाला धरली.

मॅडम म्हणजे ठाण्याच्या मोठ्या हॉस्पिटलातल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टर. मी समोर स्टुलावर, आई माझ्या मागं उभी. आई लगेच म्हणाली, “थायरॉइड ना? ते आमच्या जाऊबायला पन हाय. रोज उपाशीपोटी गोळी घेते. याला पन तीच द्या.”

“ते वेगळं, आई. ती ग्रंथी. हा गळ्यावर पुढं हाताला लागतो ना, तो कंठमणी. ते मऊ हाडाचं कवच असतं, आवाजाच्या पट्ट्या त्याच्या आत. त्या कवचाला चीर गेलीय आणि डाव्या पट्टीत रक्त साकळलंय.”

मग माझ्याकडं वळल्या. “आजपासून बोलायचं नाही. कुजबुजायचं तर मुळीच नाही, त्यानं आवाजाला जास्त ताण पडतो. दोन दिवस ॲडमिट करून श्वासावर लक्ष ठेवू. सूज वाढली तर इथून नळी टाकावी लागेल.” असं म्हणून त्यांनी माझ्या गळ्याच्या खळग्यावर बोट ठेवलं.

“आनि आवाज?” आईनं विचारलं.

“श्वास आधी. आवाजाचं आज नाही सांगता येणार.”

मला तेवढ्यात तीन विनोद सुचले होते. तिन्ही गिळले. गिळताना पण दुखलं.

माझं नाव रोहिदास. गाव मुरबाडच्या पुढं, वैशाखऱ्याच्या अलीकडं. शाळेत मी पाढे कमी आणि मास्तर जास्त पाठ केले. हेडमास्तरांच्या आवाजात एकदा अख्खी शाळा अर्धा तास आधी सोडली होती. हेडमास्तर स्वतः पण पिशवी घेऊन निघाले होते, असं गावात अजून सांगतात. ते खोटं आहे, पण मी खोडत नाय. हळद असो नाय तर बैलगाड्यांची शर्यत, माइक माझ्याकडं. म्हणजे ज्याच्या घरात आवाजाशिवाय दुसरं काय नाय, त्याच्याच गळ्याला चीर.

आणि हा गळा मी फायटिंगमध्ये मोडून घेतला, ते पण सांगतो.

शहापूरला एका जुन्या गोदामात आमचा क्लास आहे. तिथं ब्राझिलियन जिउ-जित्सू शिकवतात. म्हणजे जमिनीवर लोळून करायची पकड. ठोसे नाय, लाथा नाय. समोरच्याला गुंडाळायचं, हात पिरगळायचा नाय तर गळा आवळायचा. तो ‘टॅप’ करतो, म्हणजे आपल्या अंगावर दोनदा थापटतो, की लगेच सोडायचं. आमच्या सरांचा पहिल्या दिवशीचा धडा तोच. “दोनदा थापटलं की सोडायचं. तिसऱ्याची वाट बघायची नाय.”

बाबा जुने जत्रेतले पैलवान. ते एकदा बघायला आले. मी खाली पाठ टेकून पडलेलो, समोरच्याला पायांत धरून. बाबा सरांना म्हणाले, “अवो, पोरगा तर चीतपट झाला. उठवा त्याला.” सर म्हणाले, “काका, यात पाठ टेकवून पण जिंकता येतं.” बाबांनी विचार केला आणि म्हणाले, “मंग हारायचं कसं?”

ते मला पुढं कळलं. जिउ-जित्सूमधून मी एमएमएमध्ये गेलो, म्हणजे ज्यात ठोसे, लाथा, पकड सगळं चालतं. हौशी फायटी चार केल्या, तीन जिंकल्या. मग प्रोफेशनल झालो. पहिली फाईट मी समोरच्याच्या पाठीवर चढून गळा आवळून जिंकली. ठोसा मला धड मारता येत नाय, पण चिकटता येतं. तेव्हापासून पोरं मला गोचीड म्हणायला लागली. दुसऱ्या फाईटला समोरच्याला माझा धंदा कळला होता. मी पाठीवर पडून वाट बघत बसलो, आणि तो वरून पंधरा मिनिटं माझ्या तोंडाला कणकेसारखा मळत होता. हारलो. घरी आल्यावर बाबा एवढंच म्हणाले, “आता कळलं, कसं हारायचं ते.”

तिसरी फाईट ठरली होती. तिच्याच तयारीत हे झालं.

माझा जोडीदार किसन. डोळखांबकडच्या पाड्यातला, वायरमनचं काम करतो. बोलणं कमी, पकड जास्त. त्याचा हात गळ्याभोवती आला की मी रोज एक आवाज काढायचो. कापायला नेताना बकरा ओरडतो ना, तसा. अगदी घुसमटलेला. सगळे पोट धरून हसायचे. किसन आवळता आवळता हसायचा. मग मी थापटायचो आणि तो सोडायचा. वर्षभर हा कार्यक्रम.

त्या शनिवारी किसननं मागून गळा धरला. माझा एक हात त्याच्या पायांत अडकलेला, दुसरा माझ्याच अंगाखाली. त्याच्या मनगटाचं हाड बरोबर कंठमण्यावर आलं. थापटायला हात नाय. अशा वेळी तोंडानं ‘सोड’ म्हणायचं असतं, तोंडाचा टॅप. मी म्हणायला गेलो. बाहेर आला तो बकरा.

सगळे हसले. किसन पण हसला, आणि धरून राहिला.

फार नाय, दोन-तीन सेकंद. आत कायतरी कडकन वाजलं. ते किसनलाच आधी हाताला कळलं. त्यानं सोडलं आणि मागं सरून बसला.

आता जे आमच्यासारखे खेळ खेळतात, त्यांच्यासाठी माझ्या चुका. एक तर मला पाय होते. मॅटवर पाय आपटला असता तरी टॅप झाला असता. घाबरलो आणि पाय आहेत हेच विसरलो. दुसरी चूक, त्या दिवशी सर “डॉक्टरकडं चल” म्हणत होते, मी अंगठा दाखवला आणि बाईक काढून घरी गेलो. आईनं हळद-मिठाच्या गुळण्या दिल्या. सकाळी उठलो तर आवाज म्हणजे सायकलच्या ट्यूबमधली हवा. थुंकीत रक्ताची रेघ. आणि मानेवर बोट दाबलं की कातडीखाली चुरमुरे चावल्यासारखं कुरकुरत होतं. आई तेल चोळायला बसणार होती. बाबांनी तिचा हात धरला, हे बरं झालं. शहापूरच्या डॉक्टरांनी कुरकुर ऐकली आणि चिठ्ठी लिहून सरळ ठाण्याला पाठवलं. कातडीखाली हवा शिरली की ती कुरकुर होते. असं काय जाणवलं तर तेल नाय, गुळण्या नाय, गाडी काढायची.

ठाण्याला बाकावर दोन तास नंबर लागायची वाट बघितली. मग लॅरिंगोस्कोपी झाली. म्हणजे नाकातून शेवयाएवढा जाड कॅमेरा घशात सोडतात आणि आपल्याला ‘ई’ म्हणायला लावतात. आधी फवारा मारून नाक बधिर करतात, त्यामुळं दुखत नाय, फक्त डोळ्यांतून पाणी येतं आणि लाज जाते. स्क्रीनवर माझ्या आवाजाच्या दोन पट्ट्या दिसल्या. उजवी हलत होती. डावी जांभळी होऊन पडलेली, पिकल्या करवंदासारखी. एवढ्या लोकांचे आवाज याच दोन पट्ट्यांतून काढले, आणि मी त्यांचं तोंड पहिल्यांदा बघत होतो.

ॲडमिट झालो. स्टिरॉइडचं इंजेक्शन, म्हणजे सूज उतरवायचं औषध. नाकाला ओलसर ऑक्सिजन, पाठीला उंच उशी. कॉटच्या बाजूला ट्रेमध्ये ती नळी झाकून ठेवलेली. दर तासाला सिस्टर येऊन श्वासाचा आवाज ऐकायची. दोन दिवस माझा सगळा जीव त्या ट्रेवरच्या हिरव्या फडक्यात होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी किसन आला. दारातच उभा राहिला, चपला हातात घेऊन, देवळात आल्यासारखा. आई म्हणाली, “ये ना रे, बस.” तो कॉटच्या पायथ्याला बसला. माझ्याकडं बघेना, ट्रेकडं बघत बसला.

मी मोबाईलवर टाइप केलं: चूक माझी होती. त्याच्यापुढं धरलं.

त्यानं वाचलं. म्हणाला, “तू लिवतोस ते पन मला मस्करीच वाटते रे.”

मी परत टाइप केलं: आईशप्पथ.

“आईशप्पथ तू रोजच घेतोस.” तो उठला. “मला वाटलं बकराच हाय. मी हसत होतो, रोह्या.” आणि गेला.

एवढे आवाज येतात मला, पण त्याला थांबवायला एक पण जवळ नव्हता. नंतर सरांचा मेसेज आला, किसननं क्लास सोडला. म्हणाला, माझ्या हाताला आता कोनाचा गळा नको.

सूज वाढली नाय. तिसऱ्या दिवशी मॅडमनी कॅमेरा घातला आणि म्हणाल्या, “श्वासाची भीती गेली. चीर आहे तिथंच आहे, सरकलेली नाही, ऑपरेशन नको. घरी जा. पातळ खा. तोंड बंद.” सिस्टरनं तो ट्रे उचलून नेला, तेव्हा मी तिला हात जोडले. तिला वाटलं पाणी पाहिजे.

घरी आल्यावर अडचण अशी, की आईला चष्म्याशिवाय मोबाईल वाचता येत नाय आणि चष्मा कधी सापडत नाय. म्हणून टॅपवर आलो. एकदा थापटलं की हो, दोनदा थापटलं की बास. आमच्याकडं जेवताना ‘बास’ म्हटलं की एक पळी जास्त पडते, पिढ्यान् पिढ्यांची रीत आहे. पण मी पाटावर दोनदा थापटलं आणि आईची पेजेची पळी हवेतच थांबली. जन्मात पहिल्यांदा. मी तिच्याकडं बघतच राहिलो. ती म्हणाली, “तोंडानं बास बोलतोस तवा खोटा वाटतोस. असा खरा वाटतोस.”

ती सहज बोलली आणि चुलीकडं वळली. मी मात्र दिवसभर तेच वाक्य चघळत बसलो. पेज चघळावी लागत नाय, त्यामुळं वेळ होता.

मुकं राहणं ज्यांच्या नशिबी येईल त्यांना सांगतो, पहिले चार दिवस वाईट. लोकांना वाटतं तुमी बहिरे पण झालात, ते ओरडून बोलतात. पाचव्या दिवसापासून तुमाला ऐकू यायला लागतं. मी बाबांचा आवाज इतकी वर्षं काढत होतो, पण वाक्य संपवताना ते किंचित थांबतात, कोणी काय बोलतंय का बघायला, हे मला तेव्हा कळलं. आमी कोणी बोलायचोच नाय.

आठ दिवसांनी तपासणी. परत बाक, परत नंबर. डावी पट्टी लाल झालेली, पण थोडी हलत होती. “छान,” मॅडम म्हणाल्या, “अजून आठवडा.” तो आठवडा मी मोजत काढला. आवाज येईल का, आणि आलाच तर किसन माझं ऐकेल का, हेच दोन विचार. तिसरी फाईट रद्द झाली होती, तिचं वाईट वाटायला जागाच उरली नव्हती.

आठवडा सरला. मॅडमनी कॅमेरा काढला, हातमोजे काढले आणि म्हणाल्या, “आता नाव सांगा. हळू.”

“रोहिदास.”

खरखरीत, खालच्या पट्टीतला, दगडावरून पत्रा ओढल्यासारखा. पण होता. आई मागं पदरानं डोळे पुसत होती आणि सिस्टरला सांगत होती, “बोलला गो, बोलला.”

“वरचे सूर येतील का, ते व्यायामावर आहे,” मॅडम म्हणाल्या. “कदाचित सगळे येणार नाहीत.” त्यांनी स्पीच थेरपिस्टकडं पाठवलं, म्हणजे आवाजाची कवायत घेणारी ताई. तिनं मला लहान पोरासारखं ओठ फुरफुरवायला लावलं. ते मला आधीच येत होतं.

हॉस्पिटलच्या पायऱ्यांवरूनच किसनला फोन लावला.

“हॅलो, किसन.”

“कोन?”

“रोह्या.”

तो म्हणाला, “कोनाचा आवाज काढतोस रे?”

“माझाच हाय.”

“खरा?”

“खरा. एवढाच उरलाय. किसन, त्या दिवशी चूक माझीच होती. मी रोज खोटं ओरडून तुझे कान खराब केले.”

पलीकडं त्यानं नाक ओढलं. म्हणाला, “असा आवाज असता ना तुझा आधीपासून, तर मी कवाच सोडला असता.” मग मी हसलो, आणि हसताना दुखलं नाय.

चार महिन्यांनी मॅडमनी मॅटवर जायला परवानगी दिली, गळ्याला हात न लावता. सहा महिन्यांनी शेवटचा स्कॅन झाला. चीर भरलेली, गळ्याच्या पकडीची बंदी उठली. मॅडमनी फिल्म माझ्याच हातात दिली, “ठेवा घरी.” बाबांनी ती देवघराशेजारी लावलीय, माझ्या जिउ-जित्सूच्या ब्लू बेल्टच्या बाजूला. बायकांचे आवाज आता मला येत नाय, आईच्या जाऊबायचा तर पूर्ण गेला. त्या बदल्यात बाबा हुबेहूब येतात, मधल्या थांब्यासकट. हळदीत लोक अजून बकरा मागतात. बाकी सगळे काढतो, बकरा नाय काढत.

स्कॅनच्या दुसऱ्या दिवशी शहापूरला गेलो. मी बोलावलं म्हणून किसन पण आलेला होता, क्लास सोडल्यापासून पहिल्यांदाच. सरांनी आमाला मधे बसवलं. किसन माझ्या पाठीवर आला, हात गळ्याशी आणला आणि आवळायच्या आधीच काढला.

“अजून मी थापटलं पन नाय,” मी म्हणालो.

“माहीत हाय.”

“धर ना रे नीट. हात पन अडकव, तसेच.”

सर जवळ येऊन गुडघ्यावर बसले. किसननं माझा एक हात पायांत घेतला, दुसरा अंगाखाली गेला. मग त्याचा हात हळूहळू गळ्यावर आला. गोदामात कोणी हसत नव्हतं. पाय मोकळे होते, पण या वेळी टॅप करायचा होता तो या खरखरीत आवाजानंच.

मी ‘सोड’ म्हणायला तोंड उघडलं. ‘सो’ झाला, आणि ‘ड’ यायच्या आधी त्याचा हात निघालेला होता.