नजीर मिस्त्रींचे ऐंशी

खामगावच्या नजीर मिस्त्रींचे नट आवळणे म्हणजे एक उपासनाच होती. त्यांचे तरुणपण कापसाच्या जिनिंगमधल्या विलायती यंत्रांच्या सेवेत गेले आणि तिथेच फूट-पाउंड अंगी मुरले. फूटभर दांड्याच्या टोकाला एक पाउंड भार द्यावा. तेवढा पीळ म्हणजे एक फूट-पाउंड. जिनिंग बंद पडले, तेव्हा पीळ दाखवणारा काट्याचा जुना पाना त्यांच्यासोबत गॅरेजात आला. जीपच्या चाकाला ऐंशी, हा त्यांचा तीस वर्षांचा मंत्र. नट आवळले की चाकावर खडूने ‘८०’ लिहायचे, मगच गाडी हलायची. तो आकडा पाहून ड्रायव्हर निर्धास्तपणे घाट उतरत.

सोमवारी सकाळी त्या पान्याचा काटा मोडला. आयटीआयमध्ये शिकवणाऱ्या लेकीने, कौसरने, नवा पाना आणून दिला. आकडा लावावा, आवळत जावे, नेमका पीळ बसला की तो ‘कट्’ वाजतो. मिस्त्रींनी ऐंशी लावले. पहिल्याच चाकाला हात म्हणाला, अजून थोडे. पाना म्हणाला, पुरे. देव माणसाला सावध करतो तो ओरडून नव्हे; असा हातातून, हळू. पण एकसष्ट वर्षांच्या त्या माणसाने आपल्या हाताला म्हातारा ठरवले आणि लोखंडाला खरे मानले.

गुरुवारी दुपारी डबा घेऊन आलेल्या कौसरने सहज विचारले, चाकांना किती लावता? ऐंशी, ते म्हणाले. तिचा चेहरा उतरला.

“अब्बा, या पान्यावर फूट-पाउंड नाई, न्यूटन-मीटर हायेत. तुमचे ऐंशी इथं एकशे आठ होतात. तुमी पाऊणच कसून राह्यले.”

सोमवारपासून चार जीपगाड्या त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या. त्यातली ड्रायव्हर कारभारीची तर दहा मिनिटांपूर्वी दारावरून गेली होती. आत सात माणसे, बुलढाण्याला डोळ्याचे ऑपरेशन करून घ्यायला निघालेली त्याची बायको गीताबाई, आणि वाटेत बोथ्याचा घाट. फोन नुसताच वाजत राहिला. गाडी चालवताना कारभारी फोन उचलत नसे; ती सवय मिस्त्रींनीच त्याला लावली होती. उरलेल्या तिघांना फोन लावायचे काम कौसरकडे देऊन मिस्त्रींनी नवा पाना पाठीला बांधला आणि मोटारसायकल काढली. वाटभर ओठांवर एकच मागणे होते: या रब, माझ्या आकड्यावर विसंबून कुणाचा जीव जाऊ देऊ नकोस.

घाटाच्या अलीकडे चहाच्या टपरीजवळ जीप उभी दिसली.

“काय मिस्त्री, तुमालेबी मोतीबिंदू काढाचा का?” कारभारी हसला.

मिस्त्री मागच्या चाकाशी बसले. तीन दिवस प्रवासी भरून धावलेल्या जीपचा एक नट त्यांच्या दोन बोटांनी फिरला.

‘असाच तपासाले आलो’ म्हणता आले असते. त्यांनी तसे म्हटले नाही. सगळ्यांदेखत ते उठून उभे राहिले.

“कारभारी, चूक माही हाये. आकडा माह्या मापाचा होता, पाना दुसऱ्या मापाचा. म्या त्यावरचं माप पाह्यलंच नाई.”

कारभारीने कप खाली ठेवला.

“तुमचा आकडा पाहून म्या नटाले कधी हात नाई लावला, मिस्त्री,” तो म्हणाला. त्यात राग असता तर मिस्त्रींना सोसला असता.

एकशे आठ लावून त्यांनी चारही चाके आवळली. तोवर दोन प्रवासी पिशव्या घेऊन एसटीसाठी सडकेवर जाऊन उभे राहिले होते. त्यांना कुणी थांबवले नाही. गीताबाई मात्र चाचपडत आपल्या जागेवर जाऊन बसली आणि म्हणाली, “त्यायनं सांगतलं म्हून समजलं. चाला आता.”

जीप घाटात दिसेनाशी झाली, तेवढ्यात कौसरचा फोन आला. दोन गाड्या मालकांच्या दारातच उभ्या होत्या, त्या थांबवल्या. चौथी, वकारची जीप सकाळीच डोणगावकडे गेली होती आणि त्याचा फोन बंद होता.

मिस्त्रींनी पाना पुन्हा पाठीला बांधला आणि मोटारसायकल डोणगावच्या दिशेने वळवली.