कोऱ्या चौकटी

मीनाताई गेल्याचा फोन त्यांच्या मुलीने, मुक्ताने केला, तेव्हा मी सिंगापूरमध्ये, बेडोकच्या मार्केटात मासे घेत होते. मासे घरी नेऊन फ्रिजमध्ये ठेवले आणि मग त्यांच्या फ्लॅटवर गेले. त्यांना तेच पटलं असतं... वाया गेलेलं अन्न आणि अर्धवट उत्तर, या दोन गोष्टी त्यांना खपत नसत.

इथल्याच एका अभ्याससंस्थेत आम्ही पाच वर्षं शेजारी बसलो. दहशतवाद रोखायचा म्हणून सरकारं परदेशात बरंच काही करतात. कुणाच्या पोलिसांना प्रशिक्षण, कुणाला गुप्त माहिती. त्याबद्दल त्यांच्याच संसदेच्या समित्या त्यांना काय विचारतात आणि सरकार काय सांगतं, हे तपासणं ताईंचं काम. पद्धत साधी. पेन्सिलीने दोन रकाने आखायचे, डावीकडे समितीचा प्रश्न, उजवीकडे सरकारचं उत्तर. पानभर लिहूनही सरकारने मुद्द्याचं सांगितलं नसेल, तर उजवी चौकट कोरी. "शैला, उत्तर लांबलचक दिसलं की आधी प्रश्न पुन्हा वाचायचा," असं त्या म्हणत.

अहवाल छपाईसाठी तयार करणं माझं काम. मी तेव्हा नवीन होते आणि माझ्या एम्प्लॉयमेंट पासची, म्हणजे इथल्या नोकरीच्या परवान्याची, मुदत वाढणं संचालकांच्या शिफारशीवर अवलंबून होतं. त्याच महिन्यात एका देशाची संसदीय समिती, सोबत तिथल्या सरकारचे अधिकारी, आमच्याकडे बैठकीला येणार होते. ताईंचा तक्ता समोर ठेवून सदस्य अधिकाऱ्यांना प्रश्न विचारणार होते. तक्ता एका पानात बसेना. तीन ओळींत उजवीकडे काहीच नव्हतं. माहिती आली नसेल असं धरून मी त्या ओळी काढल्या. तक्ता सुबक बसला. छापला.

बैठकीच्या सकाळी ताईंनी प्रत उघडली. "अगं, माझ्या कोऱ्या चौकटी कुठे गेल्या?"

"त्यांत काही नव्हतं, ताई."

"तेच तर मला सापडलं होतं!"

सरकारने प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं आहे, असं माझा सुबक तक्ता सांगत होता. संचालक म्हणाले, पाहुणे खाली आलेत, दुरुस्ती मागाहून पाठवू. ताई म्हणाल्या, "ते प्रश्न आज विचारणार, सर. दुरुस्ती परवा वाचून काय करतील?" संचालकांनी मग चूक कुणाची ते विचारलं. ताई म्हणाल्या, "ओळी हिने काढल्या. कोरी चौकट म्हणजे काय, हे मी तिला सांगितलं नाही आणि शेवटची प्रत पाहिली नाही. माझ्या दोन, हिची एक." मी प्रिंटरकडे धावले. पाहुणे बसल्यावर ताईंनी प्रत्येकापुढचा कागद स्वतः बदलला. "आधीचा चुकीचा आहे, परत द्या."

समितीच्या अध्यक्षबाईंनी एका कोऱ्या चौकटीवर बोट ठेवून प्रश्न वाचला. आपण शिकवलेल्या पोलिसांनी पकडलेल्या माणसांचं पुढे काय होतं, हे कोण पाहतं? अधिकारी बराच वेळ बोलले. बाईंनी तोच प्रश्न पुन्हा वाचला... "हे सध्या कोणी पाहत नाही," ते म्हणाले. ताईंनी पेन्सिल काढली आणि ते पाच शब्द चौकटीत लिहिले.

माझ्या पासची मुदत वाढली. ताई गोड बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या, पण ही चूक त्यांनी कधी उगाळली नाही. फक्त हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांवर जेवायला गेलो की, रिकाम्या खुर्चीकडे बोट करून म्हणत, "बघ हं, काढून टाकशील."

गेल्या आठवड्यात मुक्ताबरोबर फ्लॅट आवरला. फ्रिजवर तसाच एक लांब कागद होता, डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नांचा. गोळी जेवणाआधी की नंतर? नागपूरला विमानाने जाता येईल का? समोर उत्तरं. सगळ्यात खाली, किती दिवस? समोर कोरं.

"डॉक्टर त्यावर वीस मिनिटं बोलले होते," मुक्ता तिच्या सिंगापुरी ढंगात म्हणाली. "मावशी, हा टाकू? लास्ट वन एम्प्टीच आहे, लाह."

"नको. पुरा आहे तो."

माझ्या टेबलासमोरच्या बोर्डावर तो मावेना. खालची ओळ बाहेर लोंबत होती. कात्री हाताशीच होती. मी मोठा बोर्ड आणला.