डबीवरचा हिरवा दिवा

हदगावला बस चुकली, म्हणून सोयाबीनच्या पोत्यांनी भरलेल्या एका टेम्पोत मी नांदेडला निघालो. ड्रायव्हर पन्नाशीचा, कपाळाला भस्म. बसल्याबसल्या त्यानं चप्पल काढून सीटखाली सरकवली.

"अनवाणी पायानं ब्रेक हळू दाबता येतो," तो म्हणाला.

स्टिअरिंगखाली मालकानं एक डबी बसवली होती. तिच्यावर हिरवा दिवा होता. जोरात ब्रेक मारला की तो लाल होतो आणि मालकाच्या मोबाईलवर लगेच कळतं, असं ड्रायव्हरनंच सांगितलं.

"दिवसात तीनदा लाल झाला की गाडी दुसऱ्याला देतो म्हणलाय. आज दोनदा झालाय साहेब."

त्यानंतर तो रस्त्याकडं कमी आणि डबीकडं जास्त बघत होता. मी दाराची कडी घट्ट धरली.

एका वळणावर डोक्यावर कडब्याचा भारा घेतलेली बाई रस्त्यात आली. त्यानं हॉर्न दाबून धरला आणि स्टिअरिंग फिरवलं. कडब्याची पानं खिडकीतून माझ्या खांद्याला घासून गेली. ब्रेकवर त्याचा पाय टेकला होता, पण खाली गेला नव्हता.

मी मान बाहेर काढून मागं बघितलं. भारा रस्त्यावर पडला होता, बाई उभी होती. ड्रायव्हर मात्र डबीकडं वाकला होता.

"हिरवाच हाय," तो म्हणाला. घाम पुसताना त्याच्या कपाळावरचं भस्मही पुसलं गेलं.

आता रस्ता ओलांडताना टेम्पो दिसला की मी आधी ड्रायव्हरची नजर कुठं आहे ते बघतो.