रिकामी फेरी

एका बुधवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी माधव गेले. माधव म्हणजे माझे पती. नेरुळच्या फ्लॅटमध्ये येऊन आम्हाला चौथा दिवस होता. ते खिडकीपाशी उभे राहून चहा पीत होते. कप कठड्यावर ठेवला आणि खाली बसले. डॉक्टर आले तोपर्यंत करण्यासारखं काही नव्हतं.

हे आधी सांगितलं, कारण पुढचं सगळं त्यानंतरचं आहे.

या सदरातले अनुभव मी काही महिने वाचते आहे. आपणही कधी लिहू असं वाटलं नव्हतं. मी एकतीस वर्षं ग्रंथपाल होते. भुताखेतांची पुस्तकं १३३ या क्रमांकाखाली लावायची, एवढाच माझा त्या विषयाशी संबंध. विश्वास नव्हता, असं म्हणण्यापेक्षा तो प्रश्नच कधी पडला नव्हता. आताही कुणाला काही पटवून द्यावं म्हणून लिहीत नाही. जसं घडलं त्या क्रमाने लिहिते.

माधव पाटबंधारे खात्यात होते. बदल्यांची नोकरी. राहुरी, पैठण, चाळीसगाव, शेवटी फलटण. मी जाईन तिथे शाळा-कॉलेजच्या ग्रंथालयात काम शोधायचे. नव्या गावात सामान उतरलं की लोक आधी गॅस, दूधवाला बघतात. आम्ही बाजाराचा वार विचारायचो. गाव कळायचं असेल तर आधी त्याची भाजी बघावी, असं माधवचं म्हणणं. बाजारात आमची कामं वाटलेली होती. पहिली फेरी त्यांची — हात पाठीमागे बांधून, काहीही न घेता, या टोकापासून त्या टोकापर्यंत. प्रत्येकाला एकच प्रश्न. "पाणी कुठलं?" म्हणजे ही भाजी विहिरीवर झाली, पाटाच्या पाण्यावर झाली, की नाल्यावर. जन्म कालव्यांवर गेलेला, त्यामुळे भाजीतसुद्धा त्यांना आधी पाणी दिसायचं. राहुरीला एक बाई वैतागून म्हणाली होती, "भाऊ, तहान लागलीय का भाजी न्यायचीय?"

ते फिरून येईपर्यंत मी बाजाराच्या तोंडाशी पुस्तक वाचत उभी असायचे. मग ते सांगायचे, वांगी कुणाची घे, मेथी कुणाची. आणि दुसरी फेरी माझी, पिशवी घेऊन. शक्यतो अगदी शेवटी बसलेल्या माणसाकडून घ्यायचं, कारण तिथपर्यंत गिऱ्हाईक पोचत नाही. चौतीस वर्षं हे असंच चाललं.

आमची मुलगी अनघा तेव्हा ऐरोलीत नोकरीला होती, म्हणून आम्ही नेरुळला घर घेतलं. आम्ही रिटायर होऊन येईपर्यंत ती बंगळुरूला गेली होती. रविवारी संध्याकाळी ट्रक आला. सोसायटीपासून दोन गल्ल्यांवर मैदानाच्या कुंपणाला बोर्ड होता — शेतकरी आठवडी बाजार, दर रविवारी, सकाळी सात ते एक. मांडव उतरवून झाला होता. माधव टॅक्सीतून उतरून तो बोर्ड वाचून आले. "आजचा हुकला," म्हणाले, "पुढच्या रविवारी." पुढचा रविवार त्यांच्या वाट्याला नव्हता.

म्हणजे नेरुळच्या बाजारात माधव कधीही गेलेले नाहीत. हे मी पुन्हा सांगते आहे, कारण सगळं यावर अवलंबून आहे.

नंतरचे महिने मला नीट आठवत नाहीत. खोकी भिंतीला लावलेली तशीच होती. मी खिचडी करायचे, नाहीतर ब्रेड. बाकी लागेल ते अॅपवरून यायचं. रडू येत नव्हतं. लोकांना ते बरं लक्षण वाटायचं. खरी अडचण अशी होती की या घरात, या गावात मला त्यांचं काहीच सापडत नव्हतं. फलटणला असते तर प्रत्येक कोपऱ्यावर ते कधीतरी उभे राहिलेले होते. इथे चार दिवस, तेही खोक्यांमध्ये. इतक्या कमी दिवसांचा माणूस आठवायचा तरी कुठे... अनघा फोनवर म्हणाली, आई, विकून टाकू या, तू इकडे ये. मी बरं म्हटलं. तिने गिऱ्हाईकही शोधलं. नाताळच्या सुट्टीत ती येणार, तेव्हा कागदपत्रं करायची असं ठरलं.

समोरच्या फ्लॅटमध्ये म्हात्रेकाकू राहतात. मूळच्या इथल्याच, शेजारच्या सारसोळे गावच्या, वय सत्तरीच्या पुढे. दसऱ्यानंतरच्या रविवारी त्यांनी बेल वाजवली. हातात दोन पिशव्या, एक माझ्यासाठी. "घरान बसून काय व्हनार हाय? चला," म्हणाल्या. नाही म्हणायला जोर लागतो. तो माझ्यात नव्हता, म्हणून गेले.

बाजार बऱ्यापैकी मोठा होता. मांडवाखाली लांब टेबलं, क्रेट, डिजिटल काटे, प्रत्येक टेबलावर क्यूआर कोडची पाटी. जुन्नर, पुरंदर, नाशिककडून पहाटे टेम्पो येतात. काकू कोथिंबिरीवरून कुणाशी तरी वाद घालायला थांबल्या आणि मी पुढे चालत राहिले. काही घ्यायचं सुचत नव्हतं. शेवटच्या टेबलापाशी आले. तिथे एक पन्नाशीची बाई होती, डोक्याला रुमाल बांधलेला. नंतर नाव कळलं, नंदाबाई, जुन्नरकडच्या. मी वांग्यांकडे बघत उभी होते. त्या हसल्या.

"तुमी बी नुसतंच फिरता व्हय?"

मी विचारलं, आणखी कोण फिरतं?

"हायेत एक साहेब. दर रविवारी येत्यात. हात असे मागं बांधून. घेत काय न्हाईत. नुसतं इचारत्यात, पाणी कुठलं? म्या म्हंती, हिरीचं. मग बरं म्हंत्यात आन जात्यात."

मला धक्का वगैरे काही बसला नाही. नवी मुंबईत निवृत्त इंजिनिअर ढिगाने आहेत, त्यातला एखादा असाच असणार, असं मनात आलं. मी रिकामी पिशवी घेऊन घरी आले. काकू वाटेत म्हणाल्या, तुमी भाजी घ्यायला आल्यात का बाजाराची मोजनी करायला?

पुढच्या रविवारी मी सातला जाऊन नंदाबाईंच्या टेबलाशेजारी उभी राहिले. एक वाजेपर्यंत. सारखी वळून बघत होते, पण तसं कुणी आलं नाही. मध्ये एकदा पाण्याची बाटली आणायला कोपऱ्यावर गेले, पाच मिनिटं असतील. परत आले तर नंदाबाई म्हणाल्या, "आत्ताच गेले की ते साहेब. तुमाला दिसले न्हाईत?"

मी रस्त्यापर्यंत गेले. रविवारची गर्दी होती, बाकी काही नाही.

त्याच्या पुढच्या रविवारी मी न राहवून विचारलं, दिसायला कसे आहेत? नंदाबाईंना नीट सांगता येईना. उंच, चष्मा, पांढरे केस. असे तर सगळेच असतात. मग त्या तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

"एक सांगू का ताई? मानूस चांगल्या घरचं दिसतंय, पर पायात बायकी सपाता. जांभळ्या. वर फूल हाय. म्हणून तर ध्यानात ऱ्हायले."



सामान हलवताना माधवच्या चपला कुठल्या खोक्यात गेल्या ते आम्हाला सापडत नव्हतं. ते चारही दिवस ते माझ्या सपाता घालून वावरत होते. जांभळ्या, वर प्लास्टिकचं फूल. दूध आणायला खालीसुद्धा तशाच गेले. मी म्हटलं, अहो, लोक काय म्हणतील. तर म्हणाले, इथे कोण ओळखतंय आपल्याला.

वॉचमनने त्यांना तसं पाहिलं असेल. दूधवाल्याने पाहिलं असेल. पण नंदाबाईंचा शेतकरी गट नेरुळला गणपतीनंतर यायला लागला. माधव त्याच्या कितीतरी आधी, संक्रांतीपूर्वीच गेले होते. मी हे बाजाराच्या व्यवस्थापकांकडेही विचारून घेतलं, सहज विचारल्यासारखं. गणपतीनंतरच.

घरी येऊन सपाता बघितल्या. कपाटात खालच्या कप्प्यात होत्या. त्या दिवसानंतर मी त्या घातल्या नव्हत्या. वर धुळीचा थर होता, कुठेही पुसलेला नव्हता. मी कप्पा लावून टाकला.

त्यानंतरचे तीन रविवार मी बाजारात गेले आणि काहीही घेतलं नाही. हे मुद्दाम. माझा हिशोब सरळ होता. पहिली फेरी रिकामी असते आणि ती त्यांची असते. जोवर मी घेत नाही, तोवर पहिली फेरी संपत नाही. ती संपली नाही तर ते पुढच्या रविवारी येतील. शिकलेल्या बाईने असा विचार करावा याची लाजही वाटत नव्हती. लाज वाटायलाही काही शिल्लक लागतं. अनघाला मी कागदपत्रं थोडी पुढे ढकलायला सांगितली. तिने कारण विचारलं. मी म्हटलं, अजून बाजार पाहून झाला नाही.

मला ते दिसत नव्हते. मी असताना येत नसत, जरा बाजूला गेले की येऊन जात. मग मी मुद्दाम बाजूला जायला लागले. जवळच्या चहाच्या टपरीवर जाऊन पाठ करून उभी राहायचे. तेवढ्यात ते येतात, हे पुरेसं होतं.

चौथ्या रविवारी परत आले तेव्हा नंदाबाई क्रेट आवरत होत्या. आपल्या आपण बोलल्यासारख्या म्हणाल्या, आज मी त्या साहेबांना विचारलंच, दर वेळी नुसतं बघून जाता, घेत का नाही? मी विचारलं, मग?

"म्हणले, माझी फेरी रिकामीच असती. घ्यायला ती येणार हाय. आता ती कोन, काय म्हाईत. दमलेले दिसले, ताई. त्यांची ती काय अजून आली न्हाई."

नंदाबाईंना मी कोण ते ठाऊक नव्हतं. मी सांगितलं नव्हतं, आजही सांगितलेलं नाही. मी हातात रिकामी पिशवी धरून त्यांच्या समोर उभी होते.

त्या दुपारी मी म्हात्रेकाकूंकडे गेले आणि सगळं सांगितलं. दुसरं कुणी नव्हतं सांगायला. त्या लसूण सोलत होत्या. ऐकताना एकदाही हसल्या नाहीत. मी म्हटलं, काकू, मी घेतलं की ते यायचे थांबतील. त्या म्हणाल्या, थांबतील. मी म्हटलं, मग मला या गावात त्यांचं काहीच राहणार नाही.

काकूंनी लसणीचं ताट बाजूला केलं.

"तुमाला ऱ्हाईल का जाईल, ते सोरा. तो मानूस किती फिरंल? तो तुमची वाट बघते, आनि तुमी त्यालाच ताटकळत ठेवलाय."

या वाक्यावर मला रडू आलं. दहा महिन्यांत पहिल्यांदा. फार वेळ नाही.

पुढच्या रविवारी मी साडेआठला गेले. एकही फेरी मारली नाही, थेट शेवटच्या टेबलाशी गेले. नंदाबाई म्हणाल्या, साहेब नुकतेच येऊन गेले. मी वांगी घेतली, मेथीची एक जुडी, गवार. पिशवी भरता भरता विचारलं, पाणी कुठलं?

नंदाबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हिरीचंच. आमची हीर कधी आटत न्हाई."

मी बरं म्हटलं.

घरी येऊन वांग्याची भाजी केली. अंदाज चुकला, दोघांची झाली. दुपारी खाल्ली, संध्याकाळी पुन्हा तीच खाल्ली. चवीला चांगली होती.

त्याच्या पुढच्या रविवारी मी टपरीवर जाऊन पाठ करून उभी राहिले. अर्धा तास. परत आले तर नंदाबाई म्हणाल्या, आज साहेब दिसले नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारीही नाहीत. मग त्यांनी तो विषय सोडला आणि मीही विचारलं नाही.

एखादा तसाच म्हातारा असेल, असं मी अनेकदा स्वतःला सांगून पाहिलं आहे. पाण्याचा प्रश्न दुसरा कुणी विचारू शकतो. हात मागे बांधून कुणीही चालतं. सपाताही कुणाच्या असू शकतात. पण हे तिन्ही एका माणसात, आणि त्याचं येणं मी भाजी घेतलेल्या दिवशीच थांबावं... याचं उत्तर मला सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर जरूर लिहा. नसेल तरी चालेल.

नाताळच्या सुट्टीत अनघा आली, तेव्हा मी घर विकायचं नाही असं तिला सांगितलं. ती रागावली, मग दोन दिवसांनी माझ्याबरोबर मेथी निवडायला बसली. तिला मी यातलं काही सांगितलेलं नाही.

मला स्वतःला माधव एकदाही दिसले नाहीत. मी नेरुळला राहते.